६/६ नंतरचं दिसणं



नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेच्या अध्यक्षपदासाठी माझी निवड केलीत याबद्दल आभार. नाशिककर यजमानांनी अधिवेशनाची व्यवस्था चोख ठेवली आहे, हे जाहीरपणे सांगणं माझं कर्तव्य आहे. ते झालं.

प्रथेप्रमाणे अध्यक्षांनी विषयाचा आढावा घ्यायचा असतो. घेते. अँटी-व्हेजीएफ इंजेक्शनांनी मधुमेहातल्या आणि उतारवयातल्या पडद्याच्या आजारांचं चित्र पालटलं. ओसीटीमुळे पडद्याचे थर मायक्रॉनच्या हिशेबात दिसू लागले आणि ओसीटी अँजिओग्राफीमुळे डाय न टोचता रक्तवाहिन्या दिसू लागल्या. आरपीई६५ या एका जनुकातल्या दोषावरच्या जनुकोपचाराला अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली. फंडसचा फोटो पाहून मधुमेही रेटिनोपॅथी ओळखणाऱ्या संगणकप्रणाली आल्या. या प्रत्येकावर दोन दिवसांत स्वतंत्र सत्र आहे आणि तिथले वक्ते माझ्याहून जाणते आहेत. आढावा संपला.

आता जे बोलायचं म्हणून मी बरीच वर्षं संधीची वाट पाहत होते, ते बोलते. माझी तक्रार आपल्या केसपेपरवरच्या एका आकड्याबद्दल आहे: ६/६, म्हणजे तक्त्यावरची निर्दोष नजर. आणि ती तक्रार मी एका दुर्मीळ आजाराच्या आधारे मांडणार आहे, कारण त्या आजारात हा आकडा जितका फसवतो तितका इतरत्र क्वचितच फसवत असेल.

आजार म्हणजे व्होग्ट-कोयानागी-हाराडा, थोडक्यात हाराडा. सभागृहात विद्यार्थी आहेत, उद्घाटनाला आलेले पाहुणेही आहेत, म्हणून थोडक्यात सांगते. १९०६ साली स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड व्होग्ट यांनी डोळ्यांच्या दाहाबरोबर पापण्यांचे केस अकाली पांढरे झालेला रुग्ण नोंदवला. १९२६ साली जपानमध्ये आइनोसुके हाराडा यांनी दोन्ही डोळ्यांत पडद्याखाली पाणी साचलेल्या रुग्णांचं वर्णन केलं. १९२९ साली योशिझो कोयानागी यांनी डोकेदुखी, कान, डोळे, केस आणि त्वचा यांचा क्रम लावून दाखवला. तिघांना तीन वेगळ्या गोष्टी दिसल्या होत्या, आजार एकच होता. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते. या पेशी कोरॉइडमध्ये असतात, आतल्या कानात असतात, मेंदूच्या आवरणात असतात, त्वचेत आणि केसांच्या मुळाशी असतात. म्हणून आधी काही दिवस डोकं दुखतं, मान आखडते, कानात शिट्टी वाजते. माणूस फिजिशियनकडे जातो, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जातो. मेंदूज्वराच्या शंकेने कधी पाठीतलं पाणीही काढलं जातं आणि त्यात पेशी वाढलेल्या सापडल्या की ती शंका आणखीच पक्की होते. मग एका सकाळी दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसायला लागतं. कोरॉइड सुजलेलं असतं, त्यातून पाणी पाझरतं आणि ओल आलेल्या भिंतीला पोपडे धरावेत तसा पडदा जागोजागी फुगतो.

वेळेवर आणि पुरेशा मात्रेत स्टिरॉइड सुरू केलं की हे पाणी ओसरतं. हाताची बोटं मोजता न येणारा माणूस काही आठवड्यांत तक्त्याची शेवटची ओळ वाचतो. आपल्या धंद्यात असे क्षण थोडे येतात. आपण मग आधीचा ओसीटी आणि नंतरचा ओसीटी शेजारी शेजारी ठेवतो, खाली ६/६ लिहितो, आणि ती स्लाइड पुढच्या अधिवेशनात दाखवतो. टाळ्या मिळतात. मीही वाजवते. पण टाळ्या वाजवताना मला दर वेळी वाटत आलंय की स्लाइडवरच्या त्या माणसाला कुणीतरी व्यासपीठावर बोलवावं आणि विचारावं.

आता वादांकडे वळते, कारण वाद मिटवल्याशिवाय मला तुम्ही पुढे बोलू देणार नाही.

पहिला वाद जुना आहे. पडद्याखाली पाणी दिसलं, रुग्ण तरुण पुरुष आहे, तर हे सेंट्रल सिरस की हाराडा? प्रश्न पुस्तकी नाही. सेंट्रल सिरसमध्ये स्टिरॉइड दिलं तर पाणी वाढू शकतं, हाराडात नाही दिलं तर नजर जाऊ शकते. मागे एका सभेत यावर तासभर खणाखणी झाली. कुणी म्हणालं, पाण्याच्या कप्प्यांमधल्या पडद्या बघा. कुणी म्हणालं, कोरॉइडची जाडी मोजा. जाडी दोन्हीत वाढते, हे तिसऱ्याने सांगितलं. मी गप्प बसले होते, आज बोलते. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतला एक फिटर माझ्याकडे आला तो दोन्ही डोळ्यांचं सेंट्रल सिरस ही चिठ्ठी घेऊन. त्याला विश्रांती सांगितली होती, ताण घेऊ नका म्हटलं होतं आणि स्टिरॉइडच्या वाऱ्यालाही उभं राहू नका असं बजावलं होतं. मी त्याला डोकेदुखीचं विचारलं. तो म्हणाला, थोडीफार, उन्हाची. बायको शेजारी बसली होती. ती म्हणाली, "डॉक्टर, आठ दिवस झाले, हे डोक्याला हात लावू देत नाहीत. तेलसुद्धा नाही." टाळूची ही हुळहुळ हाराडाच्या पुस्तकात पहिल्या पानावर आहे. अँजिओग्राफी केली, टाचणीच्या टोकाएवढ्या असंख्य गळत्या आणि डिस्कही गळकी. त्याच संध्याकाळी स्टिरॉइड सुरू झालं. तुमचे अल्गोरिदम चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. रुग्णाच्या घरच्यांना बोलू द्या, एवढं म्हणते.

दुसरा वाद, स्टिरॉइड शिरेतून की तोंडाने. २००६ साली या प्रश्नावर एक बहुकेंद्री अभ्यास प्रसिद्ध झाला आणि अखेरच्या परिणामात दोन्ही मार्गांत लक्षणीय फरक आढळला नाही. मी तीन दिवस शिरेतून देते, कारण त्या निमित्ताने रुग्ण माझ्या नजरेखाली राहतो. विषय संपला. तिसरा वाद, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं पहिल्या दिवसापासून की नंतर. रियाधचे अबू एल-अस्रार आणि त्यांचे सहकारी मायकोफिनोलेट सुरुवातीपासून देतात आणि त्यांचे निकाल चांगले आहेत. मिथोट्रेक्सेट की मायकोफिनोलेट, यावरची फास्ट ही चाचणी २०१९ साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात आली. तिच्यात भारतातले रुग्ण मोठ्या संख्येने होते आणि महागडं मायकोफिनोलेट सरस ठरलं नाही. आपल्या रुग्णांच्या खिशाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.

पण त्या चाचणीची एक बाजू मला बोचते. यश कशाला म्हणायचं याची व्याख्या तिथे होती. डोळ्याच्या पुढच्या भागातल्या पेशी कमी, व्हिट्रियसमधला गढूळपणा कमी, पडद्यावर नवी जखम नाही, प्रेडनिसोन दिवसाला साडेसात मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, थेंबांचा वापर मर्यादित. दाह मोजायला ही व्याख्या उत्तम आहे. नजरेची मोजणी दुय्यम निष्कर्षात गेली आणि तीही तक्त्यावरची. संशोधकांना दोष देत नाही. चाचणीला कुठेतरी रेघ ओढावीच लागते. माझा राग आहे तो ती रेघ आपण ओपीडीत आणून तिच्यावरून रुग्णाची सीमा ठरवतो यावर.

सिन्नरचा फिटर काही आठवड्यांत ६/६ झाला. दोन्ही डोळे. मी लिहिलं, सही केली. कारखान्याच्या डॉक्टरांनी ते वाचून त्याला कामावर रुजू करून घेतलं. पुढच्या तपासणीला तो आला तेव्हा खुर्चीत बसून बोर्ड घडाघडा वाचला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या बोर्डावरचं सगळं दिसतं. व्हर्निअरवरच्या रेघा दिसत नाहीत." स्टीलच्या पट्टीवर करड्या रंगाच्या बारीक रेघा, वरून पत्र्याच्या शेडमधला उजेड. आमचा तक्ता पांढऱ्यावर काळा. जगात पांढऱ्यावर काळं असं फारसं काही नसतं. पण सुपरवायझरच्या हातात माझी चिठ्ठी होती आणि तिच्यावर ६/६ होतं, त्यामुळे हा माणूस कामाची टाळाटाळ करतोय असा त्यांचा समज झाला. माझ्या सहीचा आकडा माझ्याच रुग्णाविरुद्ध पुरावा म्हणून वापरला गेला. त्या दिवसापासून हा आकडा माझ्या डोक्यात बसलाय.

हेर्मान स्नेलेन यांनी हॉलंडमध्ये १८६२ साली तक्ता काढला. त्यांच्या काळासाठी ती क्रांती होती. पण तो तक्ता डोळ्याच्या एका कामाची परीक्षा घेतो, आणि मॅक्युलाच्या मध्यभागातल्या शंकूपेशींचा एक चिमूटभर समूह शाबूत असला तरी ती परीक्षा पास होता येते. हाराडात पाणी असतं तेव्हा प्रकाशग्राही पेशींचे बाहेरचे दांडे त्यांच्या आधारापासून सुटलेले असतात. पाणी ओसरल्यावर ते दांडे पुन्हा वाढायला, ताठ व्हायला, ओळीत यायला वेळ लागतो. मल्टिफोकल ईआरजी करून बघा. तक्त्यावर नजर भरून आल्यानंतरही त्या आलेखाची उंची बराच काळ खालीच राहते. निवासी डॉक्टर मला उत्साहाने ओसीटी दाखवतात, "मॅडम, फ्लूइड संपलं." मी म्हणते, पडदा बसला, नजर बसायचीय.

पुढे आणखी एक गोष्ट होते. काही महिन्यांत कोरॉइडचा रंग उडतो आणि फंडस तांबूस-केशरी दिसायला लागतो. आपल्या पुस्तकांनी त्याला मावळत्या सूर्याचं नाव दिलंय आणि विद्यार्थी त्याचे फोटो आवडीने काढतात. डोळ्यात इकडेतिकडे उधळणारा प्रकाश शोषून घेण्याचं काम मेलॅनिन करत असतं. ते गेलं की दुपारचं ऊन, समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे, पांढरी फरशी, हे सगळं त्रासदायक होतं. तक्त्याच्या खोलीत आपण उजेड आवरून धरतो, म्हणून तिथे हे कळत नाही.

रंगांचं तर विचारूच नका. येवल्याचे एक पैठणी विणणारे कारागीर, वयाने माझ्याहून मोठे, हाराडातून बरे झाले. ६/६. रंगांची शंका आली म्हणून कुणीतरी इशिहारांचे तक्ते दाखवले, सगळे आकडे बरोबर. बोलता बोलता ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई, मोराच्या मानेत निळं भरतोय असं वाटून हिरवं भरलं. सूनबाईंनी दाखवलं तेव्हा समजलं." आता इथे बसलेल्या प्रत्येकाने पदव्युत्तर परीक्षेत केल्नरचा नियम पाठ केला आहे: पडद्याच्या बाहेरच्या थरांच्या आजारात निळ्या-पिवळ्याची गफलत आधी होते, नेत्रनाडीच्या आजारात तांबड्या-हिरव्याची. अपवाद आहेत, पण नियम १९१२ पासून टिकून आहे. इशिहारांचा तक्ता तांबड्या-हिरव्यासाठी बनलेला आहे, निळ्या-पिवळ्याची गफलत पकडायची सोय त्यात नाहीच. म्हणजे आपण चुकीच्या खोलीत शोधलं आणि घरात कुणी नाही असा शेरा मारला. फार्न्सवर्थची पंधरा रंगीत टोपणांची साधी डी-१५ चाचणी केल्यावर टोपणं कुठल्या कुठे लागली. त्या कारागिरांनी पुढे काय केलं? कांड्यांना सूनबाईंकडून खुणा करून घेतल्या, माग नेऊन उत्तरेच्या खिडकीशी लावला. विणणं थांबलं नाही. यातलं काहीही माझ्या कागदपत्रांत नव्हतं, कारण कागदपत्रांनुसार त्यांना त्रासच नव्हता.

या आकड्याने उपचारांचंही नुकसान होतं. आजार शांत दिसला तरी कोरॉइड आतून धुमसत राहू शकतं, हे आता ईडीआय-ओसीटी आणि आयसीजी या तपासण्यांवर दिसतं. औषधं सावकाश कमी करायची असतात, सहा महिने तरी, अनेकदा त्याहून जास्त. पण ६/६ झालं की रुग्णाला वाटतं आपण बरे झालो. चेहरा सुजलेला असतो, शेजारीपाजारी विचारतात, साखर वाढलेली असते. तो गोळी बंद करतो. कधीकधी गावातला डॉक्टरच बंद करतो, कारण कागदावर ६/६ आहे, मग स्टिरॉइड कशाला? आणि चार-सहा महिन्यांनी तोच माणूस डोळा लाल, मोतीबिंदू सुरू, दाब वाढलेला, अशा अवस्थेत परत येतो. पहिला झटका आपण जिंकलेला असतो, दुसऱ्यात हरायला लागतो.

एक गोष्ट विषयाला थोडी सोडून आहे, तरी सांगते. नजर परत आल्यानंतर काही आठवड्यांनी-महिन्यांनी पापण्या पांढऱ्या होतात, कुणाच्या मानेवर, पाठीवर पांढरे डाग येतात. आपल्या समाजात कोड या आजाराचा किती धसका आहे ते मला तुम्हाला सांगायची गरज नाही. लग्न ठरलेली एक मुलगी माझ्याकडे आली, ६/६, डोळे स्वच्छ, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. गॉगल काढायला तयार नव्हती. तिच्या आईने दाराशी उभं राहून हळूच विचारलं, "हे मुलाकडच्यांना सांगावं लागेल का?" मी तिला डोळ्यांबद्दल सांगायला तयार होते. ती डोळ्यांबद्दल विचारत नव्हती. हे आधी सांगितलं असतं, पहिल्याच आठवड्यात, की असं होऊ शकतं, हा महारोग नाही, संसर्ग नाही, तर निदान धक्का तरी कमी बसला असता. त्वचारोगतज्ज्ञ मित्रांना आपण कधी बोलावतो अधिवेशनाला? या वर्षीही नाही बोलावलंय.

तुमचे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला: ओपीडीत शंभर माणसं, वेळ कुठे? पेली-रॉबसनचा कॉन्ट्रास्ट तक्ता १९८८ पासून उपलब्ध आहे, भिंतीला टांगायचा, एक मीटरवर रुग्ण बसवायचा, दोन-चार मिनिटं. हाराडाचे रुग्ण तुमच्याकडे शंभर नाहीत. दुसरा: या तक्रारी व्यक्तिनिष्ठ असतात, मोजता येत नाहीत. मग स्नेलेन तक्त्यावर काय होतं? रुग्ण तोंडाने अक्षर सांगतो आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो. अक्षराबद्दल विश्वास ठेवायचा आणि व्हर्निअरबद्दल नाही, हे कुठलं विज्ञान? तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो माझ्या एका आवडत्या विद्यार्थ्यानेच घेतला: कॉन्ट्रास्ट कमी आहे हे कळून उपचार बदलणार आहेत का? औषध बदलेल असं नाही. पण त्या फिटरच्या टेबलावर वाकवता येणारा दिवा आला, पिवळसर काचांचा चष्मा आला, काही महिने त्याला जुळणीच्या कामावर घेतलं, आणि मी दुसरी चिठ्ठी दिली. तिच्यात आकड्याच्या खाली तीन वाक्यं होती, मराठीत, कारण सुपरवायझर मराठी वाचतात. नोकरी टिकली. उपचार म्हणजे फक्त गोळी, अशी व्याख्या असेल तर नाही, उपचार बदलले नाहीत.

आता अध्यक्षांनी पुढच्या वर्षाचा कार्यक्रम द्यायचा असतो. राज्यातल्या हाराडाच्या रुग्णांची एक सामायिक नोंदवही असावी असं मला वाटतं. कुणी ठेवायची, कुठे ठेवायची, पैसे कुठून, हे कार्यकारिणी बघेल. तिच्यात तीन, सहा आणि बारा महिन्यांनी कॉन्ट्रास्ट आणि डी-१५ नोंदवावं. जवळचं वाचन मोजायला एक चांगलं मराठी कार्ड हवं. आपल्याकडची कार्डं रुग्णांना पाठ होतात, दुसऱ्या भेटीला ते कार्ड हातात घ्यायच्या आधीच वाक्य म्हणून टाकतात. सारख्या लांबीची, सारख्या सोपेपणाची, अनेक संच असलेली वाक्यं कुणीतरी भाषा जाणणाऱ्याने लिहून द्यायला हवीत. मी काहींशी बोलले आहे. हो म्हणालेत. केव्हा, ते विचारलं नाही. आणि कारखान्यांना, शाळांना, एसटीला द्यायच्या दाखल्यांचा एक नमुना असावा, ज्यात आकड्याशेजारी चार ओळींची जागा रिकामी असेल. तो मसुदा माझ्या बॅगेत आहे, ज्यांना हवा त्यांनी जेवणाच्या सुट्टीत घ्यावा.

सचिवांचा कागद माझ्यासमोर आला आहे, त्यावर वेळ संपल्याचं लिहिलंय. एवढं सांगून बसते. आज दुपारी यूव्हिआयटिसच्या सत्रात हाराडाच्या दोन केस आहेत, कार्यक्रमपत्रिकेत मी पाहिलंय. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. पहिल्या ६/६च्या स्लाइडला मी हात वर करणार आणि विचारणार की हा माणूस आता काय काम करतो आणि ते त्याला जमतं का. ज्यांना उत्तर माहीत नसेल त्यांनी आत्ताच बाहेर जाऊन रुग्णाला फोन लावावा. चहा आहेच बाहेर.